मापाचं पाणी

यंदा ऊन आणि सोनं दोन्ही एकदमच चढलं. जून लागल्यापासून चंदीगडजवळच्या मनीमाजऱ्याच्या बाजारात दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं, पण सराफांच्या गल्लीत मात्र माणसांची रीघ. भाव वाढला म्हणून ज्याला त्याला आजीच्या बांगड्या आठवल्या होत्या. मोडीचं सोनं सराफाकडं यायचं आणि सराफाकडून मागच्या बोळातल्या दिगंबरशेठच्या दुकानात गाळायला. दिगंबरशेठ सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातला. आमच्याकडची माणसं या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलीत. जिथं सराफ आहे तिथं आसपासच्या बोळात आपला एक तरी गलाईवाला सापडतोच. दिगंबरनं येताना भावकीतला नंदकुमार बरोबर आणला होता. दुकान दिगंबरचं आणि भट्टीपुढं बसायचा नंदकुमार.

दुकान म्हणजे पुढं काउंटर आणि मागं एक खोली. खोलीची खिडकी विटांनी बुजवलेली. पंखा होता, पण माल उघडा असताना तो लावायचा नाही, कारण वाऱ्यानं ज्योत हलते आणि सोन्याची रज उडते. थंड पाण्याचा कूलर होता तो काउंटरपाशी, सराफाच्या माणसांसाठी. सोनं वितळवायच्या मातीच्या वाटीला मूस म्हणतात. ती मूस एकदा तापली की बसलेल्यानं उठायचं नाही, असा या धंद्याचा दंडकच आहे. सराफाचा माणूस समोर डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो. कारागीर मधेच लघवीला उठला की त्याच्या मनात पाल चुकचुकते. मग परत आल्यावर खिसे दाखवा, तोंड उघडून दाखवा, केसांतून बोटं फिरवून दाखवा. त्यापेक्षा न उठलेलं बरं. आणि उठायचं नसेल तर पाणी प्यायचं नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही. एकदा चारचौघांत जबडा उघडून दाखवला की माणूस आपोआप शिकतो.

नंदकुमार तर फारच नीट शिकला होता. सकाळी अर्धा कप चहा, एक चपाती, आणि तांब्याला हात न लावता घराबाहेर. दुपारी त्याची बायको सुमन डबा घेऊन जायची, त्यात बाटलीभर ताक असायचं. बाटली संध्याकाळी जशीच्या तशी परत यायची, आंबून. दिगंबर गिऱ्हाइकांपुढं त्याची तारीफ करायचा, "हमारा नंदू है ना जी, सुबह बैठता है तो शाम को ही उठता है. पक्का आदमी." बर्नरवर वाकलेला नंदकुमार ते ऐकून खाली मान घालून हसायचा. शाबासकीवर माणूस काय काय सोसतो, ते सांगून सोय नाही.

वाकून वाकून त्याची कंबर गेली होती. त्यासाठी तो गोळ्या खायचा. गल्लीतला मेडिकलवाला त्याला लांबून बघितला की दर्दवाली गोळी काढून ठेवायचा. यंदाच्या गर्दीत त्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ झाल्या. त्यात एक दिवस कशानं तरी पोट बिघडलं आणि जुलाब सुरू झाले.

"आज नगा जाऊ," सुमन म्हणाली. "तोंड बघा आरशात. पार चिपाड झालंय."

"माल पडलाय ढीगभर. दिग्याकडं दुसरं हाय कोण?" घरात तो दिग्या असायचा; दोघं गावच्या शाळेत एका बाकावर बसलेले. दुकानात शिरलं की शेठ.

"मग वाईच ताक तरी घ्या. मीठ घालून देते."

"आन् तितं मूस सोडून पळू का? पंजाब्याम्होरं चड्डी भरवू?"

त्यानं जुलाब थांबायची गोळी घेतली, कंबरेची घेतली आणि गेला. दिवसभर सोनं शुद्ध करायच्या तेजाबाच्या पिवळ्या धुरात बसला. जुलाब बांधला गेला, पण अंगातलं पाणी जायचं ते आधीच गेलं होतं, आणि उरलंसुरलं भट्टीनं ओढून घेतलं. संध्याकाळी घरी आला तो वाकलेलाच. उंबऱ्यापाशी बसला आणि चपला काढायला सुमनलाच खाली बसावं लागलं.

"लघवी झाली का?" तिनं विचारलं.

"झाली. काळा चा असतो तशी."

दुसऱ्या दिवशी तेवढीही झाली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी चेहरा भरल्यासारखा दिसायला लागला. डोळ्यांखाली फुगा, पायात पैंजणासारखा चपलेच्या पट्ट्याचा वळ. बोळातला चहावाला म्हणाला, नंदूभाई, सेहत बन गई. दिगंबरनंही हसून "मानवलं बरं का हितलं पाणी," म्हटलं. माणूस सुजतोय आणि लोक त्याचं अभिनंदन करतायत, असं चार दिवस चाललं. गल्लीतल्या डॉक्टरनं एक सलाईन लावलं आणि कंबरेला अजून एक इंजेक्शन दिलं. पाणी आत गेलं, बाहेर काही आलं नाही. मग एका सकाळी नंदकुमारला आडवं होता येईना. आडवा झाला की जीव घुसमटायचा, म्हणून तो भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून बसला होता. तेव्हा कुठं दिगंबरनं गाडी काढली.

मोठ्या हॉस्पिटलात माणसांचा बाजार. पंजाब, हरियाणा, हिमाचल, सगळीकडची दुखणी तिथं येऊन आडवी पडलेली. तपासायच्या टेबलावर नंदकुमारला लघवीची नळी घातली. दोन तरण्या डॉक्टर पोरी आणि एक पोरगा भोवती उभे आणि त्यांच्यात हा उघडा. आयुष्यभर खोलीचं दार बंद करून कपडे बदलणारा माणूस. त्यानं डोळे मिटून घेतले. नळीला लावलेली पिशवी रिकामीच राहिली. तळाशी चमचाभर काळपट पाणी आलं आणि थांबलं. छातीची ईसीजीची पट्टी काढली, रक्त नेलं, पोटाची सोनोग्राफी झाली.

"अवो, दुखतंय का?" सुमन त्याच्या कानाशी म्हणाली.

ते ऐकून त्या दोघींतली एक वळली. "मराठी? कुठले तुम्ही?"

ती डॉक्टर ज्ञानदा. अकोल्याची. शिकायला इकडं आलेली, किडनीच्या वॉर्डात तिची ड्यूटी. सुमनला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं आणि इतके दिवस दाबलेलं रडू तिथंच फुटलं. डॉक्टरनं तिला रडू दिलं, मग बाकावर बसवून सांगितलं.

"दोन्ही किडन्या बंद पडल्यात, काकू. लघवी बनतच नाही, म्हणून अंगात पाणी साठलं, रक्तात घाण साठली. एका कारणानं नाही झालं हे. अंगातलं पाणी आटलं, वर जुलाब, त्यावर त्या दुखण्याच्या गोळ्या. तशात किडनी कोरडी पडते. भट्टीचा धूर, तेजाब, धातू, त्याचाही वाटा असेल. त्याचं तपासायला पाठवलंय."

"आता?"

"सोनोग्राफीत किडन्या आकारानं चांगल्या दिसतायत. म्हणजे दुखणं जुनं नाही. अशा किडन्या पुष्कळदा परत चालू होतात, आठवडा लागतो, कधी तीन आठवडे. तोवर मशीननं रक्त धुवायचं आणि वाट बघायची. लघवी वाढायला लागली की समजायचं, वाचले." मग ती दिगंबरकडं वळली. "दिवसाला पाणी किती प्यायचे हे?"

"पितो की मॅडम," दिगंबर म्हणाला. "भरपूर. दुकानात कूलर आहे."

सुमननं त्याच्याकडं बघितलं. तो कागदात बघत होता. डॉक्टरनं ऐकलं ते लिहून घेतलं.

मानेच्या शिरेत नळी घालून त्याच संध्याकाळी मशीन लावलं. रक्त नळीतून जाताना आणि येताना सुमनला दिसलं. तिनं पदर तोंडावर धरला. पण मशीननं गुण दिला. सकाळी नंदकुमार आडवा झोपू शकला, सूज उतरली, आणि पहिली गोष्ट त्यानं मागितली ती पाणी.

पाण्याचं माप होतं. सिस्टरनं अर्ध्या लिटरच्या बाटलीवर पेनानं रेघ मारून दिली. दिवसभरात एवढंच, चहा, औषध सगळं त्यातच. सुमनला वाटलं आपल्या ऐकण्यात काही चुकलं. तिनं डॉक्टर ज्ञानदाला गाठलं. "म्याडम, पाणी पिलं न्हाई म्हणून तर ह्ये झालं म्हणतासा. मग आता तर पोटभर द्यायला पायजे की."

"तेव्हा प्यायला हवं होतं. आता बाहेर पडायला वाटच नाही, काकू. दिलं तर फुप्फुसात जाईल. लघवी सुरू होऊ दे, मग मीच म्हणेन बादली द्या." डॉक्टरच्या मागं चार माणसं कागद घेऊन उभी होती. जाता जाता ती म्हणाली, "जेवणाखाण्याचं सकाळी सिस्टरनं सगळं सांगितलंय ना?"

"व्हय," सुमन म्हणाली.

सिस्टर रोज सकाळी नातेवाइकांना दारात गोळा करून काय द्यायचं, काय द्यायचं नाही ते घडाघडा सांगायची. नंदकुमारचं सांगितलं तेव्हा सुमन रक्ताची नळी हातात धरून तपासणीच्या रांगेत उभी होती. परत येऊन विचारलं, तर "बता दिया ना सबको" म्हणून सिस्टर खेकसली. पुन्हा विचारायचा तिला धीर झाला नाही. भात-वरण तर हॉस्पिटलचंच येतंय, फळं आणायला आपल्याकडं कोण येणार, असं तिनं मनाशी म्हटलं. नाही म्हटलं की लोक ओरडतात आणि हो म्हटलं की जाऊ देतात, हे या शहरात आल्यापासून ती शिकली होती.

दिवस त्या बाटलीवर मोजले जायला लागले. नंदकुमारचे ओठ फाटले. जिभेवर पांढरा थर. सुमन रुमाल ओला करून ओठांवरून फिरवायची. एकदा त्यानं रुमाल दातांत धरला आणि चोखायला लागला. ती ओढायला लागली तर सोडेना. पलीकडच्या खाटेवरच्या सरदारजीची सून बघत होती. सुमननं ओढून रुमाल काढला तेव्हा नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लाजेचं की तहानेचं, तिला कळलं नाही.

"सुमे, एक घोट."

"सांच्याला देते. आता रेघ सपली."

"रेघ," तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड केलं. थोड्या वेळानं आपणच म्हणाला, "भट्टीवर मला कदी तान लागली न्हाई बग. दिवस दिवस न्हाई. आता का लागती कुणास ठाऊक."

या बोलण्यानं सुमनचं डोकं फिरलं. दिगंबर संध्याकाळी भेटायला आला तेव्हा तिनं त्याला वॉर्डात येऊ दिलं नाही, व्हरांड्यातच अडवलं. आजवर ती त्याच्यापुढं पदर सारखा केल्याशिवाय उभी राहिली नव्हती.

"भावजी, डॉक्टरीनबाईला खोटं का सांगितलंसा?"

"काय खोटं?"

"भरपूर पाणी पितो म्हणून. कूलर हाय म्हणून. त्यो कूलर कुणाला हाय?"

"हळू बोला, वयनी. दवाखाना हाय ह्यो."

"म्या हळूच बोलतीया. ह्येनी उटून घरी आलं की मंग बोलीन. गावाकडं जाईन, देवळाम्होरं हुबी ऱ्हाऊन समद्यांस्नी सांगीन. मूस तापली की ह्यो माणसाला मुतायला सोडत न्हाई, तवा पोरं धाडू नका म्हणून सांगीन."

दिगंबरचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता, हे सांगायला पाहिजे. तोही दहा वर्षं दुसऱ्याच्या भट्टीवर असाच बसला होता, आणि त्यालाही कुणी उठू दिलं नव्हतं. आपण सोसलं ते दुसऱ्यानंही सोसावं यात त्याला काही वावगं दिसत नव्हतं. पण गावात नाव निघालं तर उद्या बसायला माणूस मिळणार नाही, एवढं त्याला स्वच्छ दिसलं. न भेटताच तो जिना उतरून गेला.

पुढच्या सकाळी पिशवीत बोटभर लघवी होती. आणि रंग जरा फिकट. सुमननं खाली वाकून, डोळे बारीक करून बघितलं, मग सिस्टरला बोलावलं, मग सरदारजीच्या सुनेलाही बोलावून दाखवलं. ती बिचारी म्हणाली, वाहेगुरू मेहर करेगा. डॉक्टर ज्ञानदानं पिशवी उचलून बघितली आणि पहिल्यांदा हसली. "सुरुवात आहे. पण अजून फार थोडी आहे, नाचू नका. आज रक्त पाठवते. रिपोर्ट संध्याकाळी आला की ठरवू, मशीन आज लावायचं की उद्या."

नाचू नका म्हटलं तरी बाईचं मन नाचलंच. सुमन हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर चहा प्यायला आली. फाटकाशी शहाळ्यांची गाडी उभी होती. हिरवी गार शहाळी, वर ओलं पोतं. कुठून कोण जाणे, या नारळ नसलेल्या मुलखात आलेली. ती गाडीपाशी उभी राहिली आणि तिला वाटलं, इतके दिवस आपलं डोकं कुठं गेलं होतं.

आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला कुणी रिकाम्या हातानं जात नाही, शहाळं घेऊन जातात. उन्हाळी लागली, लघवीला जळजळ झाली, कोंडली, की पहिलं शहाळं. सुमनच्या बापाची लघवी शेवटच्या दुखण्यात शहाळ्यानंच मोकळी झाली होती, हे तिनं डोळ्यांनी बघितलेलं. ते तर औषध. आता नुकती लघवीनं वाट धरलीय, तिला जरासा रेटा पाहिजे, बस.

पण सांगितलेलं मोडायचं तिच्या मनात नव्हतं. हेच आठवलं की अंगावर काटा येतो. रेघ म्हणजे रेघ. तिनं दोन शहाळी फोडून घेतली, वर आली, न्हाणीत जाऊन बाटलीतलं नंदकुमारच्या वाट्याचं पाणी ओतून दिलं आणि गाळणीनं गाळून शहाळ्याचं पाणी भरलं. बरोबर पेनाच्या रेघेपर्यंत. जास्तीचं चार घोट उरलं, ते फेकवेना म्हणून स्वतः प्यायली. पाण्याच्या ऐवजी शहाळं, थेंब जास्त नाही. डॉक्टरीणबाईनं विचारलं तरी मान वर करून सांगता येईल.

"काय गं ह्ये?" पहिला घोट घेऊन नंदकुमार म्हणाला.

"गप प्या."

"शाळं?" त्याच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी काही हललं. "कुटनं आणलंस?"

"आणलं. हळू. समदं एकदम नगं."

पण तो एकदमच प्यायला, निम्म्याच्या वर, आणि बाटली छातीशी धरून बसला. गोड हाय, म्हणाला. मग म्हणाला, आता घरला गेल्यावर आठ दिस नुस्तं पाणी पिणार बग, दुसरं काय न्हाई, दिग्या हाका मारू दे न्हाईतर मरू दे. ती हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं स्वतःच्या मनानं काही केलं आणि ते नवऱ्याला आवडलं, असं फार थोडं घडलं होतं. उरलेलं तो दुपारी प्यायला. ती त्याचे पाय चेपत बसली होती.

ऊन कलताना तो म्हणाला, "पाय जड झालं गं."

"चेपते की."

"न्हाई. उचलंना. हातबी." त्यानं हात उचलायचा प्रयत्न केला आणि बोटं नुसती चादरीवर सरकली. "छातीत कसं तरी हुतंय."

ती सिस्टरला बोलवायला धावली. त्याच वेळी डॉक्टर ज्ञानदा सकाळच्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन आत येत होती; त्यात एक आकडा चढलेलाच होता आणि मशीन आजच लावायचं सांगायला ती निघाली होती. तिनं नंदकुमारकडं बघितलं आणि पळत सुटली. छातीची पट्टी काढली, शिरेत औषधं गेली, एक, मग दुसरं. मशीन ओढत आणलं. मशीन खाटेपाशी पोचलं तेव्हा नंदकुमारचं हृदय थांबलं होतं. डॉक्टर पोरगी त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला लागली. दाबत राहिली. तिचे केस सुटून तोंडावर आले तरी दाबत राहिली. मग दुसऱ्या डॉक्टरनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तोवर दिगंबर आला होता. सुमनला व्हरांड्यात बाकावर बसवलेलं. डॉक्टर ज्ञानदा बाहेर आली, पुढ्यात खाली बसली.

"काकू, त्यांना आज काही दिलं होतं खायला? प्यायला?"

"रेघेपतुरच दिलं म्याडम. एक थेंब जास्त न्हाई."

"पाणी?"

"शाळं. पाण्याच्या बदल्यात. मापानंच."

दिगंबर मागं उभा होता, तो पुढं सरकला.

"त्यात पोटॅशियम असतं," डॉक्टर हळूच म्हणाली. "चांगल्या माणसाला ते चांगलंच. पण ते लघवीवाटे बाहेर पडतं, आणि लघवी नसली की रक्तात साठतं. जास्त साठलं की हृदय..." ती थांबली. "सिस्टरनं सांगितलं होतं ना तुम्हाला? तुम्ही व्हय म्हणालात."

"म्या रांगेत हुते," सुमन म्हणाली.

डॉक्टरनं डोळे मिटले. मग म्हणाली की मीही नीट विचारायला हवं होतं. सकाळच्या रक्तातच पोटॅशियमचा आकडा चढलेला होता, नुसतं त्यानंच गेलं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. ते खरंही होतं. पण सुमननं पुढचं काही ऐकलं नाही. तिला तिची बाटली दिसत होती, आणि ती छातीशी धरून बसलेला तो.

डॉक्टर गेल्यावर दिगंबर बाकावर बसला, तिच्यापासून हातभर लांब. बोलला तेव्हा त्याचा आवाज इतका मऊ होता, की सुमनला तसा तो कधी आठवत नव्हता.

"वयनी, झालं त्ये झालं. तुमी काय मुद्दाम केलं न्हाई. ह्ये शाळ्याचं हितंच ऱ्हाऊ द्या. म्या कुणाला म्हणून बोलायचा न्हाई, आईची आण. तुमच्या सासूला कळलं तर ती तुमाला दारात हुबी करायची न्हाई. किडनी गेली, एवढंच सांगू." तो थांबला. "दुकानाचं काय काढायचं न्हाई मग. काय?"

तिनं मान हलवली की नाही ते तिलाही कळलं नाही. त्यानं हलवली असं धरलं.

अग्नी चंदीगडलाच दिला. एवढ्या लांब न्यायची सोय नव्हती, आणि जूनचं ऊन. नंदकुमारचा धाकटा भाऊ रुपेश गावाहून आला, तोवर राख गार होऊन मडक्यात भरली होती. तेविशीचा पोरगा, बारावी झालेला, गावाकडं मिळेल ते करणारा. तो वहिनीच्या पाया पडला आणि तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडला. आई अंथरुणाला खिळलीय, म्हणाला, ती म्हणती, माझ्या पोराला त्या मुलखाचं पाणी बाधलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दिगंबर आला. खोलीत मांडी घालून बसला, चहा घेतला, आईच्या तब्येतीचं विचारलं. घर कुणावर चालायचं आता, ते सगळं हळूहळू बोलला. सगळं खरंच होतं. मग म्हणाला, "नंदूची जागा म्या भायेरच्याला देणार न्हाई. तितं रुपेशच बसंल. दादाचा हात त्याच्या अंगात आसंलच. वयनीबी हितंच ऱ्हातील, भाकरी थापून घालतील. काय रं?"

रुपेशनं लगेच हो म्हटलं नाही. पोरगं हुशार होतं. त्यानं सुमनकडं बघितलं.

"वयनी," तो म्हणाला, "दादाला तितं काय तरास हुता का? खरं सांगा. तुमी म्हणाल तसं करतो म्या."

खोलीत पंखा फिरत होता. दिगंबर तिच्याकडं बघत नव्हता. दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून तो थांबला होता. तो आपणहून काहीच बोलणार नव्हता, आणि ती दुकानाचं बोलली तरच शहाळ्याचं बोलणार होता. सुमनच्या तोंडात सगळं तयार होतं. देवळापुढं सांगायचं म्हणून तिनं शब्द न् शब्द मनात घोळवून ठेवला होता. मग सासूचं तोंड डोळ्यांपुढं आलं, गावातल्या बायका आल्या, नवऱ्याला आपल्या हातानं पाजलंस म्हणणाऱ्या. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या.

"वयनी?"

"न्हाई," सुमन म्हणाली. "काय तरास न्हवता."

रुपेशनं सुटल्यासारखा श्वास सोडला. दिगंबर उठला, त्यानं पोराच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, चल मग, आजच दाखवतो. दोघं जिना उतरून गेले. सुमन दारात उभी राहिली. रुपेश खालून वळून बघत हसला, अगदी नंदकुमारसारखा, आणि तिनंही हात वर केला.